मूठ मिटेपर्यंत

तीन दिवस रिकामे गेल्यावर चौथ्या दिवशी, सकाळी सात वाजून बारा मिनिटांनी, शिवकांताताईंच्या नंबरवरून आकडा यायच्या ऐवजी फोटो आला. देविका तेव्हा पलंगाच्या कडेला बसून उजव्या हाताची बोटं डाव्या हाताने एकेक करून आत वळवत होती. फोटो पुरता उघडायच्या आधीच तिला त्यातली झेंडूची माळ दिसली. आधार कार्डावरचा फोटो मोठा केलेला असावा. कुणीतरी ‘हलू नका’ म्हटल्यासारख्या ताई समोर बघत होत्या. खाली लिहिलं होतं, ‘काल दुपारी वारली. लातूरला दवाखान्यात होती. न्यूमोनिया झाला. गुंडप्पा.’ देविकाने ते दोनदा वाचलं. मग तिने जे केलं त्याची तिला पुढे बरेच दिवस लाज वाटत राहिली. तिने उशाशी ठेवलेलं घड्याळ बघितलं, बोटांची टोकं तळहाताला टेकायची वाट बघितली आणि वही उघडून त्या दिवसाच्या ओळीत स्वतःचा आकडा लिहिला, शाईने एक आणि शेजारी पेन्सिलीने एक. ताईंच्या रकान्यापाशी पेन थांबलं. रिकामं ठेवलं तर मागच्या तीन दिवसांसारखंच दिसलं असतं. ते तीन दिवस सगळ्यांनी ‘जळकोटचं नेटवर्क गेलं असेल’ म्हणून सोडून दिले होते. शून्य लिहावं तर मूठ झटक्यात मिटली असा अर्थ झाला असता. तिला रडू येत नव्हतं. अशा ठिकाणी काय लिहायचं असतं, एवढंच तिला राहून राहून जाणून घ्यावंसं वाटत होतं.

स्वयंपाकघरातून बालाजीने विचारलं, “चहा आणू का तिकडंच?” तो तिचा नवरा, रोज रात्री झोपण्याआधी घरातल्या सगळ्या बाटल्यांची झाकणं सैल करून ठेवायचा आणि त्याबद्दल कधी बोलायचा नाही. “आण,” ती म्हणाली. आणि तो कप घेऊन आल्यावर, “शिवकांताताई गेल्या,” हे तिने अशा आवाजात सांगितलं की तो आधी “कुठं?” म्हणाला.

ग्रुपचं नाव ‘मूठ’. टाळेबंदीच्या दुसऱ्या महिन्यात तो सुरू झाला तेव्हा त्याला नाव नव्हतं. सांधेदुखीच्या माणसांची रोजची गोळी करोनावर चालते अशी हूल उठली आणि नांदेड-लातूरच्या दुकानांतून ती एका आठवड्यात नाहीशी झाली. कुठल्या गावात कुणाकडे किती पाकिटं आहेत हे विचारायला कुणीतरी त्रेसष्ट नंबर एकत्र केले. देविकाच्या गोळ्या संपल्या त्याच्या तिसऱ्या दिवशी तरोडा नाक्यावर भाजीचा टेम्पो थांबला आणि तोंडाला उपरणं बांधलेल्या ड्रायव्हरने तिला एक मिठाची पुडी दिली. मिठात दोन पाकिटं होती. चिठ्ठीवर लिहिलं होतं : ‘मीठ पण वापर. शिवकांता, अंगणवाडी, जळकोट.’ गोळ्या पुन्हा मिळायला लागल्यावर ग्रुप बंद पडायचा, पण ताईंनी एक दिवस विचारलं की सकाळी उठल्यापासून मूठ पूर्ण मिटायला कुणाकुणाला किती मिनिटं लागतात. डॉक्टर हेच विचारतात, आणि आपण ‘लई वेळ’ म्हणून सांगतो; त्यापेक्षा आकडा सांगा. लातूरचे निवृत्त मुख्याध्यापक उद्धवकाका म्हणाले, मग नाव ‘मूठ’च ठेवू, झाकली मूठ सव्वा लाखाची. त्यावर ताईंचं उत्तर आलं होतं, “काका, आपली झाकतच न्हाई, मग हिची किंमत काय धरावी?” त्या दिवसापासून रोज सकाळी आकडे येऊ लागले. ग्रुपवर देवाचे फोटो नाहीत, औषधी काढे नाहीत, ‘लवकर बरे व्हा’ नाही. फक्त आकडा. ज्याचा मोठा येई त्याला ताई लिहीत : ‘चहा पिऊन पुन्हा मोज.’ हे वाक्य त्यांनी पाच वर्षांत किती वेळा लिहिलं असेल याची देविकाकडे मोजदाद नव्हती. बाकी सगळ्याची होती. बोटांना व्यायाम म्हणून ती ते आकडे चौकटीच्या वहीत हाताने उतरवून घ्यायची. आता अशा सहा वह्या झाल्या होत्या.

ताईंना ती कधी भेटली नव्हती. आवाज ओळखीचा होता, मागे लहान मुलांचा गलका असलेला. दर वर्षी येळवसेच्या, म्हणजे वेळा अमावास्येच्या, आधी निरोप यायचा, “अवंदा ये. शेतात बसू, भज्जी खाऊ, आंबील पिऊ. तुला काय बी उचलायला लावणार न्हाई.” दर वर्षी देविकाला काहीतरी आडवं यायचं, थंडी, प्रयोगशाळेतली तपासणी, गुडघा. ती नांदेडला पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत रसायनतज्ज्ञ होती. काचेच्या लांब नळीतून थेंब थेंब द्रावण सोडायचं, खालच्या चंचुपात्रातला लाल रंग निळा झाला की नळ बंद करायचा आणि नळीवरचा आकडा वाचायचा, असं तिचं काम. तो चिमुकला नळ फिरवणं दुपारी बारापर्यंत तिला जमायचं नाही, म्हणून सकाळचे नमुने शिल्पा करायची. शिल्पा नवीन होती, तिचे आकडे नेहमी साडेबारा, तेरा, साडेतेरा असे यायचे. “मॅडम, तेवढंच दिसतं,” ती म्हणायची. देविकाने हे एकदा ताईंना गंमत म्हणून सांगितलं तर ताई मोठ्याने हसल्या होत्या. “आमच्यात बी हायत की तशा. लेकराला काट्यावर न टांगता वजन लिहिणारी बाई अर्ध्या किलोवरच थांबते. आठ, साडेआठ, नऊ. खरं लेकरू सात किलो सातशेसाठ भरतंय. खोटा आकडा लई नीटनेटका असतो, देविका.” तो निरोप तिने जपून ठेवला होता.

उद्धवकाकांचा फोन दुपारी आला. “देविकाबाई, कामात हाव का?”

“बोला काका.”

“रविवारी अकराला सगळे फोनवरच जमू म्हणतो. मी दोन शब्द बोलतो. आता मास्तराचे दोन शब्द म्हणजे किती ते तुम्हाला माहीत आहे.” ते हसले. “तुमच्याकडं ती वही आहे ना? ताई म्हणायच्या, माझा सगळा जीव देविकाच्या वहीत उतरवलेला हाय. त्यातून त्यांचा आलेख काढा. चांगला एवढा मोठा. फ्रेम करून गुंडप्पांना देऊ आणि ग्रुपवर टाकू. शेवटी शेवटी आकडा कसा उतरला होता बघा! नुसत्या गोळ्यांवर. लोकांना धीर येईल.”

“काका, त्या गेल्या.”

“न्यूमोनियानं गेल्या. संधिवाताला त्यांनी नमवला होता. हेच लिहा खाली, मोठ्या अक्षरात.”

ती हो म्हणाली. तिलाही ते हवंच होतं. दिवाळीच्या सुमारास ताईंचा आकडा पंच्याण्णवच्या आसपास होता आणि तिथून तो उतरत उतरत सत्तावन्नवर आला होता. तो उतार तिच्या गेल्या साडेतीन महिन्यांचा आधार होता. दिवाळीआधी डॉक्टरांनी तिला सांगितलं होतं की गोळ्यांनी आता भागणार नाही, इंजेक्शन सुरू करावं लागेल. त्याने प्रतिकारशक्ती कमी होते हे तिने वाचलं होतं, आणि वाचलेल्यापैकी वाईट तेवढंच नेमकं लक्षात राहतं हेही तिला माहीत होतं. तरी ती दोनदा म्हणाली होती, दोन महिने बघू. बघायचं म्हणजे ताईंकडे बघायचं. ताईंना जमतंय तर मला का जमू नये.

शुक्रवारी तिने मोठा आलेख कागद जेवणाच्या टेबलावर पसरला. एका ओळीने टिंबं देत जाणं तिला आवडायचं. त्यात मनाला फार काही करावं लागत नाही. पहिलं वर्ष, दुसरं वर्ष. इथे पावसाळ्यात आकडे चढलेले, इथे ताईंच्या मुलीचं लग्न, तेव्हा चार दिवस एकशेतीसच्या घरात. इथे येळवस, ‘आज ६०, आंबील लई झाली.’ टिंबं कुठेही पडत होती, एखाद्या भिंतीवर चिखल उडावा तशी, आणि तरी लांबून बघितलं की त्यांची एक वाट दिसत होती. मग दिवाळी आली आणि भाऊबीजेनंतर तिचा हात अडखळला. काय बदललं ते तिला लगेच सांगता आलं नसतं. पाण्याचा रंग पालटायच्या अर्धा थेंब आधी डोळ्याला जसं कळतं तसं ते होतं. टिंबं जाड रेघांवर पडत नव्हती. आलेख कागदावर दर पाचाला जाड रेघ असते; इतकी वर्षं अधूनमधून एखादं टिंब त्या रेघेवर बसत आलं होतं, आणि आता एकही बसत नव्हतं. चौऱ्याण्णव, एक्क्याण्णव, त्र्याण्णव, अठ्ठ्याऐंशी, शहाऐंशी.

तिने मोजलं. दिवाळीपर्यंतचे ताईंचे एक हजार आठशे चाळीस आकडे. त्यांतले पाच किंवा शून्याने संपणारे तीनशे एकाहत्तर. पाचातला एक, जसे असायला हवेत तसे. भाऊबीजेनंतरचे एकशे आठ. त्यांत एकही नाही. निव्वळ योगायोगाने असं व्हायची शक्यता किती, हे तिने पाठकोऱ्या कागदावर काढलं. दशांशचिन्हानंतर दहा शून्यं आली. ती खुर्चीत मागे टेकून बसली. समोर बालाजी वाटाणे सोलत होता, तिच्या वाटणीचे पण. आकडे खोटे होते. आणि आळसाने कुणी खोटे लिहिले असते तर ते जाड रेघांवरच पडले असते. हे अशा माणसाने लिहिले होते ज्याला पक्कं माहीत होतं की खोटा आकडा नीटनेटका असतो, आणि म्हणून त्याने शंभर दिवस एकदाही नीटनेटका आकडा येऊ दिला नव्हता. असं माणूस तिच्या ओळखीत एकच होतं.

या गोष्टीने तिला वाईट वाटायला हवं होतं. वाटलंही, पण त्याच्या आधी, अगदी एक क्षण आधी, तिला मनापासून कौतुक वाटलं. आणि मग एकेक प्रश्न उगवत गेला. दिवाळीत काय झालं? सगळ्यांशी खोटं बोलायची गरज का पडली? मग सुधारल्याचं नाटक कुणासाठी? आणि ती दोन पाकिटं मिठात लपवून पाठवणारी बाई खरी होती, तर ही दुसरी कोण? आलेख असाच दिला तर त्रेसष्ट घरांत एक खोटा उतार टांगला जाईल, आणि कुणीतरी त्याच्याकडे बघून म्हणेल, दोन महिने बघू. न द्यावा तर मेलेल्या माणसाला सगळ्यांसमोर उघडं पाडायचं. रविवारच्या आत कळायला हवं होतं. शिवाय, हे ती स्वतःशीही घाईघाईनेच बोलली, खोट्याबद्दल कुणाला बोल लावायची तिची ऐपत नव्हती. डॉक्टर इंजेक्शन म्हणाले त्याच्या पुढच्या आठवड्यापासून ती स्वतः आकडा कमी करून टाकत होती. पहिल्या दिवशी चौऱ्याण्णवचा एक्क्याण्णव. ताई ओरडतील, डॉक्टरकडं जा म्हणतील, एवढीच भीती. मग पंच्याऐंशी, सत्तर, आणि आता एकशेआठचा चोपन्न. वहीत मात्र खोटं लिहायला तिचा हात धजावला नव्हता. ग्रुपवर टाकलेला आकडा शाईने, खरा शेजारी पेन्सिलीने. खोडता येईल असा.

शनिवारी सकाळी बालाजीने तिला उदगीरच्या गाडीत बसवून दिलं. “येऊ का मी?” त्याने विचारलं. “नको,” ती म्हणाली, “मला एक गोष्ट विचारायची आहे, आणि ती तुझ्यासमोर विचारायला लाज वाटेल.” त्याने मान हलवली आणि पाण्याची बाटली झाकण सैल करून तिच्या पिशवीत उभी ठेवली. कंधार गेलं, जांब गेलं. दोन्हीकडे हरभरा घाट्यांनी भरला होता आणि तुरीची काटकं बांधाला रचलेली होती. प्रत्येक खड्ड्याला तिच्या मनगटातून एक कळ कोपरापर्यंत जाऊन यायची, आणि तिला वाटायचं, हे सगळं त्या बाईंना माहीत होतं. कळ कुठून कुठे जाते, उतरताना दांडी कुठल्या हाताने धरायची, दाराची कडी कोपराने कशी काढायची. नवऱ्याला, आईला, कुणालाच जे सांगून कळत नाही ते तिला ताईंना सांगावंच लागायचं नाही. चेहरा न पाहता एखाद्या माणसाला इतकं ओळखता येतं, आणि त्याच माणसाचे शंभर आकडे खोटे असतात; दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा असतील, याचा ती जळकोट येईपर्यंत विचार करत होती, आणि विचार करताना आपण जवळजवळ उत्सुक आहोत हे तिच्या ध्यानात येत होतं.

घर अंगणवाडीच्या भिंतीला लागूनच होतं. ओसरीत गुंडप्पा बसले होते, उंच, पांढऱ्या टोपीतले, गुडघ्यावर ताईंचा फोन. तिने नाव सांगितल्यावर ते उठून उभे राहिले. “नांदेडच्या वहीवाल्या? या या. गुणाबाई, च्या टाका.” मग पुन्हा बसले. फोन वाजला, कुणाचा तरी आकडा आला होता, उशिरा उठलेल्याचा. त्यांनी चष्मा लावून तो वाचला. “बेचाळीस,” ते म्हणाले, आणि फोन पुन्हा तारेला लावला. “ती म्हणायची, चार्जिंग उतरू देऊ नका. म्हणून लावून ठेवायलो. त्या दिशी म्या फोटो टाकायच्या आधी आकडाच टाकणार होतो, बघा. सवय की हो सगळ्यांना. पण किती टाकायचा ते कळालंच न्हाई.”

गुणाबाई चहा घेऊन आल्या. अंगणवाडीत मदतनीस म्हणून त्यांनी ताईंबरोबर बावीस वर्षं काढली होती. साठीच्या, काटक, कपाळावर ठसठशीत गोंदण. त्यांनी पेला देविकाच्या बोटांत दिलाच नाही. तिचे दोन्ही हात स्वतःच समोर ओढले, मनगटं जवळ आणली आणि मधे पेला बसवला. “असं धरा. बोटाला काम देऊ नका. बाई असंच धरायची.”

“कधीपासून?”

“दिवाळीपासून की. तवापासून मूठ मिटलीच कुठं तिची? दुपार न्हाई, सांज न्हाई. बोटं अशी राहिली, कोंबडीच्या पायावाणी. घमेलं मनगटावर घेऊन उचलायची. लेकरं काट्याला म्या टांगायची अन् ती आकडा वाचायची.” त्या भिंतीला टेकून बसल्या. “डॉक्टरनं लातूरला सुई सांगितली, तीबी घेऊलालती म्हयनाभर. उशीर झाला म्हणाला त्यो. आधी यायचं होतं.”

देविकाने पेला खाली ठेवला. सुईबद्दल ताईंनी ग्रुपवर एक अक्षर लिहिलं नव्हतं. सुई आणि न्यूमोनिया तिच्या मनात शेजारीशेजारी आले, पण ‘उशीर झाला’ हे शब्द त्याहून मोठे होते. “मग सकाळी आकडा काय टाकायच्या?”

गुणाबाई गुंडप्पांकडे बघून हसल्या. “तुमाला सांगते, रागावू नका. हितंच बसायची, फोन मांडीवर. म्या म्हणायची, बाई, पोषण आहाराचं पाणी उकळायलंय, चला. तर म्हणायची, थांब ग, माझी लेकरं येऊ दे. एकेकाचा यायचा, वाचायची. सगळ्यांचे आले की मग शेवटी आपला टाकायची, बोटाच्या मागल्या हाडानं टकटक करून. म्या म्हणलं, बाई, मूठ मिटंना अन् आकडा कशाचा टाकूलालीस? म्हणली, गुणाबाई, वजनाच्या यादीत खालून पयलं नाव कुणाचं तरी येतंयच. त्या आईचं तोंड तू बघितलीस ना? एकदा यादीत खाली आली की पुढच्या म्हयन्याला त्या बाया लेकरू घेऊन येतच न्हाईत. आकडा लपवायला घरी बसतेत. म्हणून खालची जागा म्या घेतेय. तिथं बसायला मला काय लाज न्हाई.”

“पण त्या लेकरांचं वजन कधी...”

“न्हाई!” गुणाबाई ताठ झाल्या. “बावीस वर्सांत एक छटाक खोटा लिहिला न्हाई तिनं. सायबासंगट भांडली. तेबी विचारलं म्या. तर म्हणली, लेकराचं वजन खोटं लिहिलं तर लेकरू मरतंय. माझ्या मुठीच्या आकड्यानं कोण मरायलंय?”

ओसरीत गुंडप्पांनी टोपी काढून पुन्हा घातली. देविकाने पिशवी जवळ ओढली. उत्तर मिळालं होतं आणि त्याच्या पोटात दुसरं काहीतरी हलत होतं, जे तिला इथे, या दोघांसमोर बघायचं नव्हतं. निघताना गुणाबाईंनी तिच्या पिशवीत हरभऱ्याची जुडी कोंबली. “बाई लई नाव काढायची तुमचं. म्हणायची, देविका खरं बोलणारी हाय. तिचा आकडा कमी होऊलालाय, बघ. ती बरी व्हायलीय.”

परतीच्या गाडीत खिडकीपाशी जागा मिळाली. वही मांडीवर उघडून, पेन्सिल अंगठा आणि तळहाताच्या बेचक्यात धरून, तिने त्या एकशे आठ ओळी वरून खाली वाचल्या. आधी फक्त ताईंचा रकाना वाचत आली होती. आता प्रत्येक दिवसाचा सगळ्यांत मोठा आकडा आणि शेजारी ताईंचा, असं वाचलं. ताईंचा रोज दोन-तीनने जास्त. बेरीज पाचावर किंवा शून्यावर पडत असेल तर आणखी एक पुढे. जानेवारीत एक दिवस हिमायतनगरच्या नरसिंगचा एकदम पंच्याहत्तर आला होता; ताईंचा त्या दिवशी अठ्ठ्याहत्तर. तो एक दिवस सोडला तर, जवळजवळ रोज, सगळ्यांत मोठा आकडा तिचा स्वतःचा होता. शाईचा. ती आपला आकडा घटवायची. तिच्या वर दोन मिनिटं बसायला म्हणून ताईंचा घटायचा. ताई नुसत्या गोळ्यांवर सुधारताहेत हे बघून तिला धीर यायचा आणि दुसऱ्या दिवशी ती आणखी थोडा घटवायची. तिकडे ताई फोन मांडीवर घेऊन म्हणत होत्या, देविका बरी व्हायलीय. ज्या उताराकडे बघून ती इंजेक्शन पुढे ढकलत होती, ज्याची उद्धवकाकांना फ्रेम करायची होती, तो तिचाच खोटा उतार होता. इतका साधा, इतका घट्ट विणलेला हा फेरा तिला एखाद्या प्रयोगात सापडला असता तर तिने आनंदाने कुणाला तरी बोलावून दाखवला असता. जवळ एक म्हातारी हातात कोंबडं धरून बसली होती. देविकाला तेव्हा रडू आलं, मोठ्याने, आणि म्हातारीने कोंबडं दुसऱ्या बगलेत घेऊन मोकळ्या हाताने तिचं डोकं आपल्या खांद्यावर टेकवलं. लोहारवाडीला, का कुठेतरी, म्हातारी उतरली.

घरी आल्यावर तिने टेबलावरचा आलेख पुरा केला. दिवाळीपर्यंत ताईंची एकच रेष, निळी. तिथून पुढे तीन. ताईंची उतरणारी, तिच्याखाली बोटभर अंतराने तिच्या स्वतःच्या शाईच्या आकड्यांची, तीही उतरणारी, अशी की वरची रेष खालचीवर पदर धरून चालली आहे असं वाटावं, आणि पेन्सिलीची तिसरी, जी कुणी बघितली नव्हती, दोघींना सोडून एकटी वर चढत गेलेली. ताईंच्या खऱ्या मुठीची रेष काढता येत नव्हती. ती कागदाच्या बाहेर होती. बालाजी बराच वेळ मागे उभा राहून बघत होता. “ही पेन्सिलीची कुणाची?” त्याने विचारलं.

“माझी.”

त्याने बोट न लावता त्या रेषेच्या टोकापर्यंत नजर नेली. “एकशे आठ मिनिटं?” आणि मग, “तरी मी म्हणायचो, झाकणं सैल ठेवूनसुद्धा उघडेनात कशी.”

रविवारी पाच वाजून वीस मिनिटांनी तिला जाग आली. तिने घड्याळाचं बटण दाबलं आणि हात रजईवर उघडे ठेवून पडून राहिली. एरवी या वेळेत ती काहीतरी बोलून, वाचून स्वतःला विसरवायची. आज तिने नुसतं लक्ष दिलं. करंगळी सगळ्यांत आधी नमते. मधलं बोट हट्टी. पहिल्या अर्ध्या तासात काहीच होत नाही, मग एकदम दोन मिनिटांत बरंच होतं, मग पुन्हा थांबतं. पाच वर्षं मोजूनही हे तिने कधी पाहिलं नव्हतं. ती फक्त शेवटाची वाट बघत आली होती. सहा वाजले. ग्रुपवर आकडे यायला लागले, थोडे, बिचकत, शोकसभेच्या घरात माणसं एकेक करून शिरतात तसे. पस्तीस. एक्केचाळीस. बेचाळीस. सात वाजून गेले. शेवटी चारही बोटांची टोकं तळहाताला टेकली तेव्हा तिने घड्याळ थांबवलं. एकशेदहा मिनिटं. सेकंदसुद्धा जेमतेम चार वर.

ती आकड्याकडे बघतच राहिली. इतका गोल, इतका नीटनेटका. शिल्पाने वाचावा तसा. हा कुणाला खरा वाटेल? तिचं बोट क्षणभर एकशे अकरावर गेलंही. आणि मग तिला हसू फुटलं, ताईंना हे सांगितलं असतं तर त्या कशा हसल्या असत्या तसं, मागे मुलांचा गलका असल्यासारखं. तिने ११० लिहिलं आणि पाठवलं. त्याखाली लिहिलं, ‘खरा आहे. दिवाळीपासून मी खोटे टाकत होते. उद्या इंजेक्शनसाठी डॉक्टरांकडे जाते. अकरा वाजता ताईंचा आलेख दाखवते, सगळाच.’

यादीत खालून पहिलं नाव तिचं होतं. तिच्याखाली येऊन बसायला आता कुणी नव्हतं. तिथून कसं दिसतं ते ती बघत होती. चहाचा पेला तिने दोन्ही मनगटांत धरला होता आणि वाफ चष्म्यावर चढत होती. कुणीही काही लिहिलं नाही, एक मिनिट, दोन मिनिटं. मग वर अक्षरं उमटली : उद्धवकाका लिहीत आहेत. काकांचा आकडा सगळ्यांना पाठ होता. पाच वर्षं, पावसाळा असो, थंडी असो, रोज सकाळी तीस. त्यावर ताई थट्टासुद्धा करायच्या, मास्तरांची मूठ शाळेच्या घंटेवर मिटते म्हणून. अक्षरं गेली. पुन्हा आली. पुन्हा गेली. देविकाने पेला खाली ठेवला आणि चष्मा पुसून फोन जवळ घेतला. आज तीस यायला फार वेळ लागत होता.